निळ्या रंगाखालची जॉन्सन

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, आमच्या वॉकेशा काउंटीत तळी खूप. पेवॉकी, नागाविका, ओकॉची, यातल्या कुठल्याही तळ्याला मिलवॉकीहून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. तळ्याकाठच्या घरांतली जुनी माणसं गेली की मुलं घर आवरायला काढतात, आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीवरून एखादी जुनी आउटबोर्ड मोटर खाली उतरते. होडीच्या मागच्या फळीला पकडीने आवळायची, वर इंजिन, मध्ये उभा दांडा, पाण्यात गिअर आणि पंखा, अशी या मोटरीची रचना. कोकणातल्या बंदरांवर यामाहा लावलेल्या होड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. माझ्याकडची मोटर अशाच एका आवराआवरीतून आली. गडद निळी, घरच्या ब्रशने रंगवलेली, अंगावर नावाचं एक अक्षर नाही. विकणारे गृहस्थ म्हणाले, "एव्हिनरूड आहे. पंधरा हॉर्सपॉवर. महायुद्धाच्या काळातली, माझ्या वडिलांची."

वडिलांची होती हे खरं. नाव, ताकद आणि काळ या तिन्ही गोष्टी मात्र तपासायच्या होत्या, कारण घरच्यांच्या आठवणीवर विसंबून सुटे भाग मागवता येत नाहीत.

सांगलीला आमच्या बाबांचं स्कूटर-मोटरसायकलचं गॅरेज होतं. लँब्रेटा, विजय सुपर, जावा, राजदूत, सगळ्या टू-स्ट्रोक. गाडी स्टँडवर लागली की बाबा आधी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पुसून काढायचे. एका गाडीत दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं असणं तेव्हा नेहमीचं होतं. गिऱ्हाईक सांगेल ते ऐकून घ्यायचं, पण नंबर वाचल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. जुन्या आउटबोर्डला तर हा नियम दुपटीने लागू आहे. पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्काचा) गॅप, प्लग, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल, सगळं मोटर कुठली आणि कोणत्या साली बनलेली यावर ठरतं. सत्तर वर्षांपूर्वीच्या वस्तूला चुकीचा भाग जबरदस्तीने बसवला तर भाग जातो आणि ज्यात तो बसतो ते कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचा सांगाडाही जातो. कास्टिंग पुन्हा मिळत नाही.

पहिला पुरावा उघड्यावरच होता. मोटरीच्या बाजूला गिअरचा दांडा होता: पुढे, न्यूट्रल, मागे. आणि समोर खाली पेट्रोलच्या पाइपसाठी जोडणी, तीही दुहेरी पाइपची. जॉन्सन या मोटरी बनवणाऱ्या कंपनीने १९४९ साली क्यूडी नावाची १० हॉर्सपॉवरची मोटर काढली, तिच्यात या दोन्ही सोयी एकत्र आल्या. पुढे-न्यूट्रल-मागे असा पूर्ण गिअर आणि होडीत वेगळी ठेवायची पेट्रोलची टाकी. त्याआधीच्या बहुतेक लहान मोटरींची टाकी इंजिनाच्या डोक्यावरच असे आणि मागे जायचं तर अख्खी मोटरच उलटी फिरवावी लागे. त्यात युद्धाच्या वर्षांत अमेरिकेत हौशी लोकांसाठी मोटरी बनणं थांबलेलं होतं. त्यामुळे महायुद्धाचा काळ लगेच बाद झाला.

दुसरा पुरावा रंगाचा. पकडीचे स्क्रू पूर्ण बाहेर काढले तेव्हा त्यांच्या मुळाशी, जिथे निळा ब्रश पोचलाच नव्हता, तिथे हिरवा रंग निघाला. १९५० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात एव्हिनरूड निळ्या आणि जॉन्सन हिरव्या असायच्या. म्हणजे कोणीतरी हिरव्या जॉन्सनला निळं केलं होतं आणि पुढच्या पिढीने निळी म्हणून तिला एव्हिनरूड ठरवलं होतं. मिलवॉकीच्या आसपास ही समजूत होणं साहजिक आहे, कारण एव्हिनरूड हे इथलं घरचं नाव.

ओले एव्हिनरूड १८७७ साली नॉर्वेत जन्मला, लहानपणीच विस्कॉन्सिनला आला आणि मिलवॉकीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवायचं आणि यंत्रशाळेचं काम करू लागला. १९०६ च्या उन्हाळ्यात याच ओकॉची तळ्यावर सहलीला गेला असताना बेस कॅरीसाठी आइस्क्रीम आणायला तो होडी वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं, त्यातून मोटरीची कल्पना सुचली, असं सांगतात. गोष्ट किती खरी ते असो, १९०९ पासून त्याची दीड हॉर्सपॉवरची मोटर विकली जाऊ लागली. वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. बेस तोवर त्याची बायको झाली होती. "वल्ही फेकून द्या" असं सांगणारी जाहिरात तिने लिहिली आणि धंद्याचा पत्रव्यवहारही तीच बघायची. तिचं नाव या इतिहासात नेहमी दुसऱ्या ओळीत येतं याचं मला वाईट वाटतं. मोटर त्याने बनवली, पण ती घरोघर पोचली तिच्यामुळे.

जॉन्सन बंधू इंडियानाचे. त्यांची हलकी दोन सिलिंडरची मोटर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली आणि नंतर त्यांचा कारखाना इलिनॉयमधल्या वॉकीगनला, मिशिगन सरोवराच्या काठी, मिलवॉकी आणि शिकागोच्या मध्ये आला. मंदीत ते बुडाले आणि १९३० च्या दशकाच्या मध्यात एव्हिनरूडवाल्यांनीच त्यांना विकत घेतलं. पुढे आउटबोर्ड मरीन या एकाच कंपनीच्या दोन नावांनी मोटरी निघत राहिल्या, आतले पुष्कळसे भाग सारखे आणि वरचं झाकण वेगळं. हे माहीत नसेल तर ओळख पटवताना माणूस चक्रावतो. त्यात दुकानांच्या नावाच्या मोटरी वेगळ्या. माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानात 'सी किंग' मिळायची, सीअर्समध्ये 'एल्गिन', वेस्टर्न ऑटोमध्ये 'विझर्ड'. यातलं कोणीही स्वतः मोटर बनवत नव्हतं. कित्येक एल्गिन इथून जवळच्या वेस्ट बेंड गावी, ॲल्युमिनियमची भांडी बनवणाऱ्या कंपनीत तयार झाल्या, आणि सुरुवातीच्या विझर्ड तर मर्क्युरीवाल्या कीकहेफरच्या कारखान्यातल्या. म्हणून झाकणावरचं नाव हा सर्वांत कच्चा पुरावा. झाकण चार स्क्रू काढून बदलता येतं.

पक्का पुरावा म्हणजे पट्टी. होडीच्या फळीला पकडणाऱ्या ब्रॅकेटवर रिव्हेट मारून बसवलेली लहानशी धातूची पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर. माझ्या मोटरीवर ती निळ्या रंगाखाली इतकी बुडाली होती की बोट फिरवल्यावर फक्त कडा लागत होती. इथे सँडपेपर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही, त्याने पट्टीवरची छपाई जाते आणि ठोकलेले आकडेही बुजतात. रंग सोडवणारी जेली कानात घालायच्या कापसाच्या काडीने लावली, रंग सुरकुतला की लाकडी टूथपिकने तो अलगद लोटला, पुसलं, पुन्हा लावली. पापुद्रा सुटत गेला तसा आधी 'डी' दिसला, मग '१५', शेवटी डावीकडचा 'क्यू'. क्यूडी-१५. क्यूडी-१० हे १९४९ चं मॉडेल, तिथून दर वर्षी एकेक आकडा पुढे. म्हणजे ही १९५४ ची. जॉन्सन, दहा हॉर्सपॉवर.

पट्टी गळून पडलेली असेल तर काम अवघड होतं. मग गिअर आहे की नाही, टाकी कुठे आहे, पाइप एकेरी की दुहेरी, सिलिंडरचा व्यास किती, अशा एकेका खुणेने वर्षांची कक्षा लहान करत आणावी लागते. कास्टिंगवर उठलेले आकडे पाहून पुष्कळ लोक तेच पार्ट नंबर समजून दुकानदाराला कळवतात. ते साच्याचे नंबर, त्यांवरून भाग मिळत नाही. १९८० नंतरच्या एव्हिनरूड-जॉन्सनचं साल काढणं मात्र सोपं आहे. 'इंट्रोड्यूसेस' या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं क्रमाने १ ते ९ आणि ० धरायची: आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९, एस ०. मॉडेलच्या शेवटाकडे 'सीओ' असेल तर ८ आणि ५, म्हणजे १९८५.

ओळख पटल्यावर उघडायला हात लावला. पहिली गोष्ट, दोरी ओढायची नाही. प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये पातळ ऑइल सोडलं, एक रात्र जाऊ दिली आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवलं. फिरलं. चिकटलेलं इंजिन दोरीच्या हिसक्याने सोडवायला गेलं तर पिस्टनच्या रिंगा तुटतात. मग कॉम्प्रेशन मोजलं, दोन्हीकडे ७० पीएसआयच्या आसपास. आजच्या इंजिनाच्या मानाने आकडा कमी वाटेल, पण त्या काळच्या या मोटरी कमी कॉम्प्रेशनच्याच. आकड्यापेक्षा दोन्ही सिलिंडर सारखे आहेत हे महत्त्वाचं. इथे मला फार बरं वाटलं, कारण यापुढचं सगळं हाताने दुरुस्त होण्यासारखं होतं.

करंटचा पत्ता नव्हता. या मोटरीत बॅटरी नसते, फ्लायव्हीलमधलं चुंबक फिरतं आणि खालच्या प्लेटवरच्या दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर मिळून ठिणगी देतात. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, आणि तोही मधल्या तीन आट्यांत बोल्ट घालून ओढणारा. कडेला पकडून ओढणारा पुलर फ्लायव्हील वाकवतो. क्रँकच्या टोकावर हातोडा तर अजिबात नको, आटे मरतात आणि धक्का थेट बेअरिंगला बसतो. नट काढला, पुलर लावून ताण दिला, मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक टिचकी मारली आणि फ्लायव्हील 'टक्' करून सुटलं.

आतलं दृश्य जुनी आउटबोर्ड उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं असतं. दोन्ही कॉइलचं काळं आवरण तडकून उकललेलं, भेगांतून तांब्याची तार दिसतेय, पॉइंटवर राखाडी साय. १९५० च्या दशकातल्या या कॉइल जवळपास सगळ्याच अशा तडकतात. सुदैवाने आउटबोर्ड मरीनने हीच मॅग्नेटोची (चुंबकाने ठिणगी देण्याची) जुळणी तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीपासून पुढे कित्येक मॉडेलांत वर्षानुवर्षं वापरली, त्यामुळे कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर आजही नवे मिळतात. ओळख पटवण्याचा फायदा असा पदरात पडतो.

कॉइल बसवताना एक गोष्ट नीट बघावी लागते. प्लेटवर यंत्राने घासून काढलेले उंचवटे असतात, कॉइलच्या पत्र्यांची टोकं बरोबर त्यांच्या रेषेत यायला हवीत. किंचित बाहेर राहिली तर चुंबक घासतं, आत गेली तर ठिणगी अशक्त होते. मी बोटाचं नख त्या कडेवरून फिरवत स्क्रू आवळले. नख कुठेही अडकलं नाही तर जागा बरोबर. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर एका बाजूला 'टॉप' असं लिहिलेलं असतं, ती बाजू वर. गॅप ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर.

त्या संध्याकाळी बाबांना व्हिडिओवर सगळं दाखवलं. ते आता गॅरेजमध्ये जात नाहीत, पण फोन डोळ्यांपाशी धरून प्लेट बराच वेळ पाहत राहिले.

"अरे, हे तर लँब्रेट्याचं भावंड. नवे पॉइंट पुसलेस का?"

"नवेच आहेत बाबा, पाकिटातून काढले."

"म्हणून काय झालं? पाकिटातल्याला तेलाचा हात असतो, गंजू नयेत म्हणून. व्हिजिटिंग कार्ड थिनरमध्ये भिजव, पॉइंटच्या मधून ओढ. काळी रेघ येते की नाही बघ."

काळी रेघ आली. कोरं कार्ड दोनदा ओढल्यावर ती बंद झाली. फ्लायव्हील बसतं तो क्रँकचा निमुळता भाग कोरडा, स्वच्छ पुसला. तिथे ग्रीस लावायचं नसतं, घट्ट पकड कोरड्या धातूचीच. नट टॉर्क पान्याने आवळला आणि ठिणगी तपासायच्या साधनावर सहा मिलिमीटरचा गॅप ठेवून दोरी ओढली. दोन्हीकडे निळी, चटकदार ठिणगी. बाबा म्हणाले, "झालं. आता पेट्रोल द्यायचं, बस."

पेट्रोल द्यायचं एवढं सोपं नव्हतं. कार्बोरेटर उघडला तर तळाशी मधासारखी वाळलेली चिकटी, आणि बुचाचा फ्लोट जागोजाग उघडा पडलेला. त्या काळी बुचाला लाखेचा हात देत, म्हणजे ते पेट्रोल पीत नसे. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ती लाख विरघळवतं, फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो आणि कार्बोरेटर वाहू लागतो. मी नवा फोमचा फ्लोट बसवला. इथे सर्वसाधारण पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, पण विस्कॉन्सिनमध्ये बऱ्याच पंपांवर बिनइथेनॉलचं पेट्रोलही मिळतं आणि जुन्या मोटरींसाठी मी तेच आणतो. भारतात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. ज्यांच्या घरी जुनी लँब्रेटा किंवा जावा जपून ठेवलेली आहे त्यांनी फ्लोट, रबरी पाइप आणि टाकीच्या आतलं आवरण यांवर लक्ष ठेवावं.

कार्बोरेटरच्या बारीक वाटा तार घालून कोरायच्या नाहीत, पितळ झिजतं आणि भोक मोठं होतं. सफाईचं द्रावण आणि हवेचा दाब पुरे. समोरच्या पट्टीवरच्या दोन गोल बटनांना आतून दोन सुया जोडलेल्या असतात, एक वेगासाठी, एक संथ चालीसाठी. सुई अलगद टेकेपर्यंत आत न्यायची, मग वेगाची एक वळसा आणि संथ चालीची दीड वळसा बाहेर. मोटर सुरू झाल्यावर तिथून पुढे कानाने जुळवायचं.

टाकीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे धोका आहे. या मोटरीला पेट्रोलचा पंप नाही. क्रँककेसमधला दाब झडपेतून एका पाइपने टाकीत जातो, त्या दाबाने पेट्रोल दुसऱ्या पाइपने कार्बोरेटरला येतं. म्हणून दुहेरी पाइप. म्हणजे होडीत पायाशी असते ती दाबाखालची पेट्रोलची टाकी. झाकणाचं पॅकिंग गेलेलं, पाइप कडक झालेला, आणि कोणी बाजूला सिगारेट ओढतंय, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं तरी पुरे. मी टाकीची सगळी पॅकिंगं बदलली, दुहेरी पाइप नवा घेतला, रिकाम्या टाकीत थोडा दाब भरून सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं आणि एकही बुडबुडा येत नाही हे पाहिलं. होडी काठाला लागली की मोटर थंड होऊ देतो आणि झाकण हळूहळू सैल करून दाब सोडतो. घरात लहान मुलं असतील तर अशा मोटरीला वेगळा पंप लावून आजच्या पद्धतीची साधी टाकी वापरावी, असंच मी सांगेन. अस्सलपणापेक्षा जीव मोठा.

खालच्या गिअरकेसमधून निघालेलं ऑइल दुधाळ होतं, म्हणजे सीलमधून पाणी शिरलेलं. इथे एक इशारा. ऑइल काढायच्या मोठ्या स्क्रूजवळ फुलीच्या खाचेचा एक स्क्रू असतो. तो ऑइलचा नाही, आतला गिअर बदलणारा घोडा त्याच्यावर टेकलेला असतो. तो काढला की आतला भाग जागचा हलतो आणि मग अख्खं गिअरकेस उघडावं लागतं. ऑइल काढायचा स्क्रू सपाट खाचेचा. पंख्याच्या दांड्याचं सील, गिअरच्या दांड्याची ओ-रिंग आणि स्क्रूंचे वॉशर बदलले, आणि नवं ऑइल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत चढवलं. वरून ओतलं तर हवा अडकते. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर काढला तेव्हा त्याची पाती एका बाजूला वाकून तशीच दगडासारखी झाली होती. तोही नवा.

ऑइलच्या प्रमाणावर इथले लोक तासन् तास वाद घालतात. आजच्या डब्यावर ५० ला १ असं लिहिलेलं असतं, पण ते आजच्या मोटरींसाठी. ज्या जुन्या मोटरींत साधे कांस्याचे बुश आहेत त्यांना जास्त ऑइल लागतं. क्यूडीला मी २४ ला १ देतो. टाकी ६ गॅलनची, साधारण २२.७ लिटर, तिला १ क्वार्ट, म्हणजे साडेनऊशे मिलीच्या आसपास ऑइल. धूर होतो, होऊ दे. आणि ऑइल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचंच हवं. स्कूटरचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीत त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते.

पहिल्यांदा सुरू केली ती घरामागे, कचऱ्याच्या मोठ्या प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरून. कोरडी चालवायची नाही, क्षणभरही नाही, इम्पेलर जळतो. चोक ओढला, टाकीवरचं बटन दाबून पेट्रोल वर चढवलं, दोरी ओढली. थोड्या ओढण्यांनंतर एक फुरफुर, मग निळ्या धुराचा लोट आणि ती लागली. आवाज राजदूतपेक्षा जड, पण ताल तोच. आजच्या मोटरीत पाणी फिरतंय हे दाखवणारी बारीक धार बाजूने उडते. १९५४ च्या मोटरीत तशी धार नसते, हे माहीत नसलेले लोक घाबरून ती लगेच बंद करतात. मागच्या बाजूच्या भोकांतून धुराबरोबर पाण्याचे तुषार उडाले आणि सिलिंडरच्या डोक्यावर हात ठेवता आला, म्हणजे पाणी फिरतंय. संथ चालीची सुई अर्धा वळसा आत-बाहेर करत आवाज एकसारखा होईपर्यंत जुळवली. प्लग काढून पाहिला तर बदामी. मी त्याचा फोटो बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "उत्तम. आता छेडू नको."

मग रंगाचा प्रश्न. १९६५ पासून इथे ॲंटिक आउटबोर्ड मोटर क्लब आहे. त्यांच्या मेळाव्यांत पाण्याच्या टाक्या मांडून लोक आपापल्या मोटरी चालवून दाखवतात, आणि तिथे दोन्ही विचारांची माणसं भेटतात. काही जण मोटर कारखान्यातून आली तशी करतात, मूळ हिरवा, मूळ अक्षरांच्या पट्ट्या, चकाकी. त्यांचं काम पाहताना हात जोडावेसे वाटतात. मी मात्र निळा रंग ठेवला. गिऱ्हाइकाला विकायच्या वस्तूला कारखान्याचा रंग शोभतो; ही कोणाच्या तरी वडिलांनी तळ्यावर नेण्याआधी स्वतःच्या ब्रशने रंगवलेली आहे, आणि ती सत्तर वर्षं टिकली त्यात त्या रंगाचाही वाटा आहे. फक्त पट्टी उघडी ठेवली, तिच्यावर पारदर्शक मेणाचा हात दिला. पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला नंबर वाचता यायला हवा.

होडी १४ फुटी, ॲल्युमिनियमची. तिची राज्याकडे नोंदणी केली, कारण मोटर लावली की ती इथे सक्तीची आहे. ओकॉचीवर पहिल्यांदा नेली तेव्हा मी आणि बायको दोघं होतो. फोनवर वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास दिसला. दहा हॉर्सपॉवरला हे छानच. आजूबाजूला शेकडो हॉर्सपॉवरच्या होड्या धावत असतात, त्यातले पोक्त लोक मोटरीचा आवाज ऐकून वेग कमी करतात आणि हात करतात. एकाने जवळ येऊन विचारलं, "एव्हिनरूड ना?" मी पट्टी दाखवली.

आता या दोन्ही नावांच्या नव्या मोटरी निघत नाहीत. आउटबोर्ड मरीनचं दिवाळं डिसेंबर २००० मध्ये निघालं. कॅनडाच्या बोंबार्डिए कंपनीने पुढच्या वर्षी ही नावं घेतली; तिच्यातून निघालेल्या बीआरपीने इथून जवळच स्टर्टेव्हंटला कारखाना चालवला आणि मे २०२० मध्ये एव्हिनरूड बनवणं बंद केलं. वॉकीगनच्या जॉन्सन कारखान्यातून बंदरात गेलेलं पीसीबी या विषारी रसायनाचं ऑइल साफ करायला सरकारला कित्येक वर्षं लागली, हेही याच इतिहासात येतं, आणि जुन्या मोटरींवर जीव असलेल्या माणसाने ते लपवू नये. गिअरकेसमधून काढलेलं ऑइल मी डब्यात भरून काउंटीच्या संकलन केंद्रावर देतो.

एक काम अजून बाकी आहे. पूर्ण वेगात गेल्यावर पुढचा गिअर कधी कधी सुटतो, इंजिन एकदम ओरडतं आणि होडी थांबते. आतल्या दाते असलेल्या कॉलरच्या कडा गोल झाल्या आहेत. भीतभीत, सावकाश गिअर टाकत गेलं की दातांच्या कडा एकमेकींवर घासत राहतात आणि अशा झिजतात. म्हणून या मोटरींत गिअर टाकायचा तो वेग अगदी कमी करून, पण एका झटक्यात, दांडा ठाम ढकलून. तळं गोठलं की गिअरकेस उघडून कॉलर आणि पुढचा गिअर बदलायचा आहे. गिअर १९५४ च्याच दुसऱ्या एका मोडक्या क्यूडीतून मिळाला, तिची पट्टी आधी वाचून घेतली होती.